मागच्या गोळ्यांतील तेल

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं आमची जुनी मोटार शाळेच्या आवारांतील कडुनिंबाखालीं उभी होती. वक्तृत्वस्पर्धेंतून हळूच निसटलेले आठवीचे दोन विद्यार्थी तिच्यामागें उकिडवे बसून खालीं डोकावून पाहत होते. आम्ही जवळ जातांच ते दचकून उठले, परंतु आम्ही रागावलों नाहीं असें दिसतांच त्यांपैकीं एकानें विचारलें, "सर, मागच्या दोन चाकांच्या मधोमध हा लोखंडी गोळा कशाचा आहे? आमच्या गाडीला असा गोळा नाहीं." प्रश्न चांगला होता. त्याचें उत्तर द्यावयास पांच मिनिटें पुरलीं. परंतु त्या गोळ्याशीं आमचा जो जुना संबंध आहे, तो पांच मिनिटांत सांगण्यासारखा नव्हता, आणि संमेलनाच्या गडबडींत सांगण्यासारखाही नव्हता. पुढें वार्षिकाच्या संपादकांनीं लेख मागितला, तेव्हां तीच हकीकत येथें सांगावी असें आम्हीं ठरविलें. तींत आमचें भूषण मुळींच नाहीं; तथापि विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस तिचा कांहीं उपयोग होईल अशी आशा आहे.

प्रथम गाडीविषयीं. ही मोटार अँबॅसडर जातीची आहे. इंग्लंडांतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून ती घडविली गेली. हिंदुस्थान मोटर्स कंपनीच्या बंगालमधील उत्तरपाडा येथील कारखान्यांत १९५७-५८ पासून ती तयार होऊं लागली, आणि २०१४ सालीं तिचें उत्पादन बंद पडलें. कलेक्टरसाहेबांच्या दौऱ्यापासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सर्व कामें या एकाच गाडीनें केलेलीं आमच्या पिढीनें पाहिलीं आहेत. आमच्या वडिलांनीं १९८१ सालीं ती जुनीच विकत घेतली, आणि ती भाड्यानें चालवून आमचें घर चालविलें.

हल्लींच्या बहुतेक लहान मोटारींत इंजिन पुढें असतें आणि तें पुढचींच चाकें फिरवितें. म्हणून त्या विद्यार्थ्यास आपल्या घरच्या गाडीखालीं असा गोळा दिसला नव्हता. अँबॅसडरमध्यें इंजिन पुढें, पण जोर लागतो तो मागच्या चाकांना. इंजिनाची शक्ति एका लांब फिरत्या दांड्यानें गाडीच्या पोटाखालून मागें नेलेली असते. तो दांडा जेथें मागच्या आंसाला भेटतो, तेथें हा गोळा असतो. आंतील यंत्राचें नांव डिफरन्शियल. त्यावरील लोखंडी कवचाला गॅरेजांत हौसिंग म्हणतात.

या गोळ्याचीं कामें दोन. पहिलें, दांड्याचें फिरणें काटकोनांत वळवून चाकांकडे देणें. दांड्याच्या टोकाशीं पिनियन नांवाचें लहान दंतचक्र असतें, तें क्राउन नांवाच्या मोठ्या दंतचक्राला फिरवितें. क्राउनचे दांते पिनियनच्या दांत्यांच्या चौपटीहून अधिक असतात. म्हणून दांडा चारहून अधिक वेळां फिरतो तेव्हां चाक एकदां फिरतें, आणि चाकाचा जोर त्याच प्रमाणांत वाढतो.

दुसरें काम याहून नाजूक आहे. आपल्याकडील बंडीचीं दोन्ही चाकें आंसावर आपापलीं मोकळीं फिरतात. बैल बंडी ओढतात. चाकांना कोणी फिरवीत नाहीं. म्हणून वळणावर एक चाक अधिक फिरलें व दुसरें कमी फिरलें, तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. मोटारींत मात्र चाकांनाच फिरवावयाचें असतें. कवायतींत चौघांची रांग वळतांना काय होतें तें आठवा. आंतल्या बाजूचा मुलगा जवळजवळ जागच्या जागीं पाय आपटतो, आणि बाहेरचा लांब ढांगा टाकीत धांवतो. तरच रांग सरळ राहते. आमच्या गाडीच्या मागील दोन चाकांमध्यें सुमारें साडेचार फुटांचें अंतर आहे. अमरावतीच्या इर्विन चौकांत ती काटकोनांत वळते, तेव्हां बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां सुमारें सात फूट अधिक चालावें लागतें. वळण लहान असो वा मोठें, हा फरक तेवढाच राहतो. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं वर्तुळाच्या परिघाचें सूत्र लावून हें पडताळून पाहावें. दोन्ही चाकें एकाच अखंड दांड्याला जखडलेलीं असतीं, तर त्या सात फुटांसाठीं चाकें रस्त्यावर घासत गेलीं असतीं. क्राउनच्या पोटांत बसविलेलीं लहान दंतचक्रें ही अडचण दूर करितात. तीं दोन्ही चाकांना जोर पोंचवितात, पण ज्या चाकाला जितकें चालावयाचें तितकें त्याला चालूं देतात. ओनेसिफोर पेकर नांवाच्या फ्रेंच यंत्रज्ञानें १८२७-२८ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठीं ही युक्ति योजिली होती.

आतां तेलाविषयीं. हे सर्व दांते तेलांत बुडून चालतात. पिनियन क्राउनच्या मध्यापेक्षां खालीं बसविण्याची रीत अमेरिकेंतील पॅकार्ड कंपनीनें १९२६ सालीं मोटारींत आणिली. तीमुळें फिरता दांडा खालीं गेला आणि गाडीचा तळ सखल करतां आला. परंतु या रचनेंत दांते एकमेकांवर नुसते लोळत नाहींत. ते मोठ्या दाबाखालीं घासत सरकतात. साधें तेल त्या दाबांत टिकत नाहीं. म्हणून गॅरेजांत ज्याला नव्वद नंबरचें तेल म्हणतात, तें जाड तेल यांत घालतात, आणि त्यांत गंधकाचीं व फॉस्फरसाचीं संयुगें मिसळलेलीं असतात. दांते तापले म्हणजे हीं संयुगें लोखंडावर पातळ थर धरितात, आणि लोखंड लोखंडाला चिकटत नाहीं. या गंधकामुळें त्या तेलाला एक उग्र वास असतो. तो साबणानेंही लवकर जात नाहीं. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

इंजिनांतील तेलाप्रमाणें हें तेल लवकर काळें पडत नाहीं, म्हणून लोक त्यास विसरतात. परंतु तेंही कालांतरानें बिघडतें. दांत्यांची बारीक पूड त्यांत मिसळते, आणि थोडें थोडें तेल पाझरून बाहेर जातें. बंडीवाला ओंगण द्यावयास विसरला, तर चाक करकरून त्याला आठवण देतें. हा गोळा तशी आठवण देत नाहीं. त्यांतून घूं घूं आवाज येऊं लागला, म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो.

ही सर्व माहिती आम्हांस आज आहे. १९८४ सालच्या मे महिन्यांत ती अर्धीमुर्धीच होती. त्या वर्षीं आम्हीं दहावीची परीक्षा दिली होती व निकालाची वाट पाहत होतों. आपल्याला आतां सर्व कांहीं येतें अशी जी समजूत त्या वयांत होते, ती आमचीही झाली होती. बाबांजवळ एक लांबट वही असे. गाडीचें जें जें काम होई, तें तें तारीख घालून ते त्या वहींत लिहीत. टायर बदलला, ब्रेक आवळला, मागचें तेल बदललें, अशा एकेका ओळीच्या त्या नोंदी असत. त्या वहींत दुसऱ्या कोणाचें अक्षर नव्हतें.

एका शनिवारीं दुपारीं बाबा बडनेऱ्याहून भाडें करून परत आले आणि आम्हांस म्हणाले, "उद्या सकाळी अकोल्याचं भाडं आहे. मागचं तेल बदलायचं राहिलं. दोन डाव तुले दाखवलं आहे. आज तूच कर." मग पायांत वहाणा घालतां घालतां ते मागें वळून म्हणाले, "पयले वरचं बूच खोलजो, मंग खालचं. इसरू नोको." आणि ते एका लग्नास निघून गेले.

उद्यांचें भाडें आमच्याच आळींतल्या काकूंचें होतें. त्यांची लेक अकोल्यास बाळंत झाली होती. काकू, त्यांचे यजमान व दोन लहान नातवंडें पहाटे निघावयाचीं होतीं. गाडींत जागा आहे म्हणून आमची धाकटी बहीणही जाणार होती.

गाडी नुकतीच धांवून आलेली असल्यामुळें तेल ऊन व पातळ होतें; तें काढावयास हीच वेळ योग्य असते. अंगणांतील फरशी सपाट होती. आम्हीं चाकांना दगड लाविले, घमेलें घेतलें आणि पाठीवर सरपटत गाडीखालीं गेलों. अँबॅसडर जमिनीपासून बरीच उंच असल्यानें त्यास अडचण पडली नाहीं. भरणीचें बूच गोळ्याच्या मागील अंगास होतें, आणि तेल सोडण्याचें बूच तळाशीं. आम्हीं आधीं वरच्या बुचास पाना लाविला. तें हललें नाहीं. मागच्या खेपेस तें नको तितकें आवळलें गेलें असावें. मग खालच्यास पाना लावून पाहिला, तों तें एका झटक्यांत ढिलें झालें. जें उघडतें आहे तें आधीं उघडावें, वरच्याचें मागाहून पाहूं, असें आमच्या मनानें घेतलें. बाबांचे शब्द कानांत होते. परंतु आधीं वरचें कीं आधीं खालचें, यांत असें काय मोठें आहे, हें आम्हांस कळलें नव्हतें, आणि जें कळलें नाहीं तें पाळण्याची बुद्धि झाली नाहीं. काळसर तेलाची जाड धार घमेल्यांत पडूं लागली. निम्में काम झालें असें मानून आम्ही संतुष्ट झालों.

धार थांबल्यावर आम्ही पुन्हां वरच्या बुचाकडे वळलों. पान्याला नळी जोडून जोर लाविला. पाना घसरला आणि बोटांचीं सालें निघालीं. पुन्हां लाविला, पुन्हां घसरला. असें किती वेळां केलें कोण जाणे. अखेर दिवा आणून पाहतों तों बुचाच्या डोक्याचे सर्व कोपरे झिजून तें गोल झालें होतें. आतां त्यावर कोणताच पाना बसेना. गोळा रिकामा, आणि भरण्याचें दार बंद! बाबांनीं आधीं वरचें बूच उघडावयास कां सांगितलें होतें, तें त्या क्षणीं कळलें. वरचें उघडलें नसतें, तर खालच्यास हात न लावतां स्वस्थ बसतां आलें असतें. तेल जुनें राहिलें असतें, पण तेल असतें; आणि जुन्या तेलावर गाडी अकोल्यास जाऊन आली असती.

चूक एवढ्यावर थांबती, तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. अजाणतेपणीं बिघडलेलें काम कोणाच्याही हातून होतें. पुढें आम्हीं जें केलें तें जाणूनबुजून केलें. खालचें बूच बसवून आवळलें, गोळा फडक्यानें पुसला, जुनें तेल घरामागील मेंदीच्या कुंपणाशीं ओतलें, आणि नव्या तेलाचा डबा कोळशाच्या पोत्यामागें सारला. नंतर बाबांची वही काढली. तींत आजवर आमचें अक्षर उमटलें नव्हतें. आज उमटणार या गोष्टीचा आनंद दुपारपासून मनांत होता, आणि तो आनंद सोडून देण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. तारीख घातली आणि लिहिलें: मागचें तेल बदललें.

रात्रीं जेवतांना आईनें विचारलें, "हाताले कशाचा वास येते रे?" आम्हीं सांगितलें कीं, तेलाचा. ती हंसली, आणि बापाच्या हाताचाही असाच वास येतो असें म्हणून तिनें आणखी एक पोळी वाढली. ती पोळी गिळतांना घसा दुखला. दहाच्या सुमारास बाबा परतले व त्यांनीं विचारलें, "झालं का रे?" आम्हीं "झालं" म्हटलें. तेल काढणें झालें होतें, तेव्हां हा शब्द अगदींच खोटा नाहीं, असें आम्हीं मनाला समजाविलें. मन ही गोष्ट घटकाभर मानतें. रात्रभर मानत नाहीं.

उन्हाळ्याचे दिवस, म्हणून सर्वजण गच्चीवर निजलेले होते. कठड्यावरून खालीं पाहिलें म्हणजे चांदण्यांत गाडी दिसे. ती रोजच्यासारखीच दिसत होती. रंग तोच, चाकें तींच, गोळाही तोच. गोळा भरलेला आहे कीं रिकामा आहे, हें जगांतील कोणाही शहाण्याला बाहेरून पाहून सांगतां आलें नसतें. बाबांना सांगतां आलें नसतें, काकूंना आलें नसतें, उशापाशीं रिबिनी ठेवून निजलेल्या आमच्या बहिणीला आलें नसतें. तें एकट्या आम्हांसच ठाऊक होतें. शाळेच्या प्रार्थनेंत थोडक्यांत विश्वासू राहण्याविषयींची शिकवण आम्ही किती तरी वेळां ऐकली होती, आणि ती आपल्याला लागू आहे असें कधीं वाटलें नव्हतें. हातांचा तो गंधकाचा वास रात्रभर नाकांत येत राहिला.

चार वाजतां बाबा उठून खालीं गेले आणि गाडीची कांच पुसूं लागले. आम्हीही खालीं गेलों. काय व कसें सांगावयाचें हें रात्रभर योजिलें होतें, तें सर्व विसरलें. जसें घडलें तसें सांगून टाकिलें. बाबा कांहीं बोलले नाहींत. ते बॅटरी घेऊन वांकले आणि त्यांनीं त्या गोल झालेल्या बुचावरून बोट फिरविलें. मार बसेल अशी आमची अपेक्षा होती. तो बसला नाहीं. उठून ते एवढेंच म्हणाले, "रिकामं आहे हे तुले रातीच ठाऊक होतं. मंग रात काहून जाऊ देल्ली?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस तेव्हां देतां आलें नाहीं, आणि आजही देतां येत नाहीं.

बाबांनीं आम्हांस बरोबर घेतलें व काकूंच्या दारीं गेले. गाडी आज निघत नाहीं, चूक आमच्या घरची आहे, असें सांगून त्यांनीं इसाराचे पैसे परत केले. काकू रागावल्या, आणि त्यांचें रागावणें अगदीं रास्त होतें. रात्रींच कळतें तर त्यांनीं दुसरी सोय पाहिली असती. दोन पोरें व गांठोडीं घेऊन तीं मंडळी एस. टी. च्या गाडीनें अकोल्यास गेलीं. आमच्या घरांत त्या दिवशींचें भाडें बुडालें, आणि तें बुडाल्याचें आम्हांस कोणीं बोलून दाखविलें नाहीं.

सोमवारीं वलगांव रस्त्यावरील एक वृद्ध मिस्त्री सायकलवर पिशवी अडकवून आले. त्यांनीं बुचाभोंवतींची माती खरवडून रॉकेल सोडलें आणि दोन तास तसेंच ठेवलें. मग हातोडीनें चोहोंकडून हलके ठोके दिले. शेवटीं डोक्याच्या कडेला छिन्नी तिरपी धरून, बूच ज्या दिशेनें उघडतें त्या दिशेनें ते ठोकूं लागले. पंधराव्या-सोळाव्या ठोक्याला बूच हललें. त्यांनीं नवें बूच व नवा वायसर आणिला होता. हातपंपानें ते सावकाश तेल भरीत गेले. भरणीच्या भोंकाच्या कांठावरून तेलाची बारीक धार बाहेर येऊं लागली, तेव्हां ते थांबले. ती धार आपोआप बंद पडेपर्यंत वाट पाहिली, आणि मगच बूच लाविलें. गोळा किती भरावा याचें माप तें भोंकच देतें, हें त्यांनीं आम्हांस दाखविलें. या गाडीला सव्वा ते दीड लिटरच्या सुमारास तेल लागतें. एवढ्याशा तेलावर सगळें अवलंबून!

तेलावांचून गाडी अकोल्याच्या वाटेस लागली असती तर काय झालें असतें, असें आम्हीं भीत भीत विचारलें. मिस्त्री म्हणाले कीं, मूर्तिजापूर गांठलें असतें कीं नाहीं याची शंका आहे. आधीं आवाज आला असता, मग दांते तापून एकमेकांना खाऊं लागले असते, आणि कोठें तरी भर वेगांत क्राउन-पिनियन जाम होऊन मागचीं चाकें जागच्या जागीं आवळलीं गेलीं असतीं. त्या वेळीं तो रस्ता दुपदरी होता, आणि समोरून ट्रक येत असत. आम्ही बहिणीकडे पाहिलें. ती पायरीवर बसून रिबिनीच्या गांठी सोडवीत होती.

संध्याकाळीं बाबांनीं वही उघडली, आमचा तो लेख पाहिला, आणि पेन आमच्या हातांत देऊन म्हणाले, "हे तूच खोड." आम्हीं त्यावर एक रेघ ओढली. त्याखालीं त्यांनीं स्वतःच्या अक्षरानें तारीख घालून लिहिलें: मागचें तेल भरलें. बूच नवें. आमच्याविषयीं त्यांनीं एक अक्षरही लिहिलें नाहीं. कुंपणाशीं जेथें तेल ओतलें होतें, तेथील मेंदी पुढें वाळून गेली. ती जागा कित्येक वर्षें उघडी राहिली. काढलेलें तेल जमिनींत वा गटारांत कधीं ओतूं नये. तें डब्यांत भरून, असें तेल शुद्ध करण्यासाठीं गोळा करणाऱ्यांच्या स्वाधीन करावें, हें आज सर्वांनीं जाणलें पाहिजे. आम्ही तें त्या वाळलेल्या मेंदीपासून शिकलों.

आतां या हकीकतीपासून काय घ्यावयाचें? विद्यार्थिमित्रांनो, पहिली गोष्ट कामाच्या क्रमाची. कांहीं रिकामें करण्यापूर्वीं तें पुन्हां भरण्याचें दार उघडतें कीं नाहीं, हें पाहून घ्यावें. हा नियम मोटारीपुरताच नाहीं. चालू अभ्यासक्रम सोडतांना, जुना मित्र तोडतांना, घरांतील एखादी जुनी रीत मोडतांना, पुढें काय भरणार व कोठून भरणार हें ज्यानें पाहिलेलें नसतें, त्याच्या हातीं एक घट्ट बूच आणि एक रिकामा गोळा राहतो. जुनें बदलूं नये असें आमचें म्हणणें नाहीं; तेल बदललेंच पाहिजे. परंतु आधीं वरचें बूच.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. आंत काय आहे हें बाहेरून दिसत नाहीं अशा वस्तु जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांवर विसंबून दुसरे लोक प्रवासास निघत असतात. विहिरीचें पाणी, पुलाचा पाया, औषधाची पुडी, शिक्षकाची तयारी, विद्यार्थ्याचें ज्ञान, या सर्वांची हीच गत आहे. तीं रिकामीं असल्याचें बहुधा एकालाच ठाऊक असतें. त्यानें बोललें पाहिजे, आणि गाडी निघण्यापूर्वीं बोललें पाहिजे. चार वाजतां बोललों म्हणून आम्ही वांचलों. दहा वाजतां बोललों असतों, तर काकूंचीही सोय झाली असती. कबुली ही उशिरा दिली तरी चालते असें म्हणतात. परंतु उशिराचें मोल दुसऱ्या कोणाला तरी द्यावें लागतें.

पालकांसही एक विनंती आहे. मुलांवर खरीं कामें सोंपवीत जा. आमच्या बाबांनीं सोंपविलें तें योग्यच केलें. परंतु परत आल्यावर नुसतें "झालें का?" असें विचारूं नये, "कसें केलेंस?" असें विचारावें. पहिल्या प्रश्नाला एका शब्दाचें उत्तर पुरतें, आणि त्या एका शब्दामागें पुष्कळ लपवितां येतें. दुसऱ्या प्रश्नापुढें लपविणें कठीण जातें, आणि सांगणें सोपें होतें. तसेंच, मुलानें होऊन चूक सांगितली तर त्या वेळीं हात आवरावा. बाबांनीं त्या पहाटे हात उगारला असता, तर पुढची चूक आम्हीं बहुधा सांगितली नसती.

बाबा आज हयात नाहींत. गाडी आहे, वहीही आहे. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगांव मंजू या वाटेनें अकोल्यास जाणारा तो रस्ता तेव्हां राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. आतां त्याचा क्रमांक ५३ आहे. जून २०२२ मध्यें याच रस्त्यावर एका पदराचा ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड घातला गेला, आणि गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद झाली. रस्ता इतका सुधारला, पण आमच्या गाडीच्या गोळ्याला तेल पूर्वींइतकेंच लागतें.

संमेलनानंतरच्या एका शनिवारीं ते दोन विद्यार्थी आपापल्या पालकांना विचारून आमच्या घरीं आले, आणि त्यांनीं आमच्या देखरेखीखालीं तें तेल बदललें. कोणतें बूच आधीं, हें त्यांना आम्हीं सांगितलें. आणि कां, हेंही सांगितलें. वरचें बूच आधींच सैल करून ठेवण्याचा मोह आम्हांस झाला होता, तो आम्हीं आवरला. तें त्यांनींच जोर लावून उघडलें. भोंकाच्या कांठावरून धार आली व थांबली, बूच लागलें, जुनें तेल डब्यांत गेलें. नंतर वहींत नोंद करण्यासाठीं त्यांपैकीं एकजण मागचीं पानें चाळूं लागला. रेघ ओढलेल्या त्या ओळीपाशीं तो थांबला आणि त्यानें विचारलें, "सर, हें कोणीं खोडलें?"

आम्हीं त्यास सर्व सांगितलें. तो कांहीं बोलला नाहीं. पेन हातांत तसेंच धरून तो उठला, गाडीमागें गेला, वांकून दोन्ही बुचांना एकदां बोट लावून पाहिलें, आणि मग परत येऊन त्यानें तारीख घातली.